नव्याचे एकोणपन्नास दिवस

(एका खेडेगांवच्या वाचनालयांत तेथील प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनीं दिलेलें व्याख्यान.)



"नव्याचे नऊ दिवस" ही म्हण आपल्याकडे पोराबाळांनाही पाठ आहे. नवी सून नऊ दिवस कोंबड्याच्या आधीं उठते, नवा सरपंच नऊ दिवस वेळेवर कचेरींत येतो, आणि नवा मास्तर नऊ दिवस छडी कपाटांत ठेवतो. दहाव्या दिवसापासून जो तो आपल्या मूळ पदावर येतो. म्हणून शहाणीं माणसें नव्या कारभाऱ्याची परीक्षा जरा थांबून करतात. परंतु आज मी ज्या कारभाराची हकीकत सांगणार आहें, त्यांत थांबायला कोणाला सवडच मिळाली नाहीं. तेथें नवलाईचे नऊ दिवसही धड गेले नाहींत, आणि एकूण दिवस भरले ते अवघे एकोणपन्नास.

ही हकीकत विलायतेची, सन २०२२ ची आहे. त्या सालीं ६ सप्टेंबरला लिझ ट्रस या बाई तेथें मुख्य प्रधान झाल्या आणि २५ आक्टोबरला त्या खुर्चीवर दुसरा माणूस बसला. इतकी अल्पायुषी प्रधानकी त्या देशानें पूर्वीं कधींच पाहिली नव्हती. त्याआधींचा नीचांक जॉर्ज कॅनिंग यांचा, सन १८२७ मधला, ११९ दिवसांचा. पण कॅनिंगसाहेबांजवळ निदान सबळ कारण तरी होतें. ते अधिकारावर असतांना वारले. ट्रसबाईंची प्रकृति ठणठणीत होती.

कोणी म्हणेल, "मास्तर, आपल्या गांवच्या नळाला पाणी नाहीं, आणि तुम्ही लंडनच्या गप्पा काय सांगतां?" त्याचें कारण शाळामास्तराच्या धंद्यांतलेंच आहे. मुलांना हिशेब शिकवायचा तर उदाहरण लहान घ्यावें लागतें. वीस-पंचवीस वर्षांचा गैरकारभार एका तासांत समजावून सांगतां येत नाहीं. त्यांत कोणी काय केलें आणि कोणामुळें काय झालें याचा गुंता होऊन बसतो. हें एकोणपन्नास दिवसांचें उदाहरण मात्र एका पाटीवर मावतें. मांडणी, चूक आणि उत्तर, सारें डोळ्यांसमोर.

आणखी एक खुलासा आधींच करून टाकतों. बाई होती म्हणून असें झालें, असें कोणाच्या मनांत येत असेल तर त्यानें तें मनांतच गिळावें. राज्यें बुडविण्याचा मक्ता पुरुषांनीं हजारों वर्षें एकट्यानें संभाळला आहे. ट्रसबाईंच्या आधींचे मुख्य प्रधान बोरिस जॉन्सन हे पुरुषच होते, आणि त्यांच्या वागण्याला कंटाळून २०२२ च्या जुलै महिन्यांत पन्नासांहून अधिक मंत्री, उपमंत्री व इतर पदाधिकारी राजीनामे टाकून चालते झाले होते. तेव्हां आपण बाईला हंसायला जमलों नाहीं. कारभाराचा हिशेब करायला जमलों आहोंत.

आतां पहिला प्रश्न. या बाईंना निवडलें कोणीं? देशानें निवडलें नाहीं. तेथील रीत अशी कीं, पार्लमेंटांत ज्या पक्षाचें बहुमत, त्याचा पुढारी तो मुख्य प्रधान. मध्येंच पुढारी बदलला तर नवी निवडणूक घ्यावीच लागते असें नाहीं. जॉन्सन गेल्यावर हुजूर पक्षाच्या खासदारांनीं चाळणी लावून दोन नांवें शिल्लक ठेवलीं. त्यांच्या शेवटच्या फेरींत ऋषी सुनक यांना १३७ आणि ट्रसबाईंना ११३ मतें होतीं. पुढला निकाल पक्षाच्या वर्गणीदार सभासदांच्या हातीं गेला. हे सभासद सारे मिळून सुमारें १ लाख ७२ हजार, सरासरीनें देशापेक्षां वयानें मोठे आणि खाऊन-पिऊन सुखी. त्यांनीं ट्रसबाईंना ८१,३२६ मतें दिलीं आणि सुनक यांना ६०,३९९. देशांत मतदार पावणेपांच कोटींच्या आसपास. म्हणजे सुमारें पावणेसहाशें मतदारांत एकानें हो म्हटलें आणि बाकीच्यांना वऱ्हाड निघाल्यावर कळलें कीं लग्न आपल्याच घरचें आहे.

ज्याच्या मतावर निवडून यायचें त्याच्या जिभेला आवडेल तें वाढायचें, हा पुढाऱ्यांचा धर्मच आहे. त्या सभासदांना कर कमी व्हायला हवे होते. ट्रसबाई उन्हाळाभर गांवोगांव सांगत सुटल्या कीं मी कर कमी करतें. सुनक यांनीं भर सभांतून बजावलें कीं, पैसा कोठून आणणार हें न सांगतां असे कर उतरवले तर व्याजाचे दर चढतील. सुनक हे कांहीं गरिबांचे कैवारी नव्हेत. त्यांचें सासर इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचें. पण आधीं ते खजिन्याचे मंत्री होते व बेरीज-वजाबाकी त्यांना येत होती. सभासदांना वजाबाकी आवडली नाहीं.

आतां कोणाला वाटेल कीं बाई अडाणी असतील. छे! त्यांचे वडील गणिताचे प्राध्यापक. स्वतः त्या ऑक्सफर्डच्या पदवीधर, आणि राजकारणांत येण्यापूर्वीं हिशेबनीसाची परीक्षा उतरलेल्या. त्यांनीं खजिन्यावर नेमले ते क्वासी क्वार्टेंग ईटनच्या शाळेंत व केंब्रिजच्या विद्यापीठांत शिकलेले. त्यांनीं डॉक्टरची पदवी कशावर मिळविली असेल? इंग्लंडांत १६९५ ते १६९७ या काळांत नाण्याचा जो घोटाळा झाला, त्यावर! नाण्याच्या संकटावर प्रबंध लिहिणाऱ्या पंडिताच्या हातीं नाणें दिलें आणि पंडितानें लगेच प्रयोग करून दाखविला. आपल्या बापजाद्यांनीं पंडितांचीं पागोटीं पाहून पुष्कळ वर्षें माना डोलावल्या, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगतों. पोथी पाठ असणें निराळें आणि दुसऱ्याच्या घरांतल्या चुलीची काळजी असणें निराळें.

६ सप्टेंबरला बाई स्कॉटलंडांत बालमोरलला जाऊन एलिझाबेथ राणीच्या हातून अधिकार घेऊन आल्या. याच बाई १९९४ सालीं, एकोणीस वर्षांच्या असतांना, दुसऱ्या एका पक्षाच्या परिषदेंत राजेशाही मोडा म्हणून भाषण करीत होत्या. असो, वयाबरोबर मतें बदलतात. दोनच दिवसांनीं, ८ सप्टेंबरला, राणी वारली आणि १९ तारखेच्या अंत्यविधीपर्यंत देशानें दुखवटा पाळला. म्हणजे एकोणपन्नासांतले दहा-बारा दिवस सुतकांतच गेले. त्या दिवसांत सरकारच्या हातून फारसें कांहीं झालें नाहीं, आणि मागें वळून पाहतां तोच या कारभाराचा सुखाचा काळ ठरतो.

सुतकाच्या आधींच मात्र दोन कामें उरकलीं होतीं. त्यांतलें एक चांगलें होतें. तें चांगलें म्हणून सांगितलें पाहिजे, नाहीं तर आपली टीका ही टीका न राहतां भांडण होईल. युक्रेनच्या युद्धामुळें वायूचे भाव भडकले होते आणि १ आक्टोबरपासून साधारण कुटुंबाचें वीज-वायूचें वर्षाचें बिल साडेतीन हजार पौंडांवर जाणार होतें. सरकारनें तें अडीच हजारांच्या आसपास रोखून धरायचें ठरविलें, आणि तेंही दोन वर्षांसाठीं. थंडीच्या देशांत ही मदत मोठी होती. पहिल्या सहा महिन्यांचा खर्चच, धंद्यांना दिलेली मदत धरून, सुमारें सहा हजार कोटी पौंड धरला होता.

दुसरें काम असें कीं, खजिन्याच्या खात्यांतले सर्वांत वरचे कायमचे अधिकारी टॉम स्कॉलर यांना नव्या मंत्र्यानें आल्या-आल्या काढून टाकलें. नवा सावकार जुन्या दिवाणजीला आधीं घरीं पाठवतो, कारण दिवाणजीला वह्या ठाऊक असतात.

मग उजाडला २३ सप्टेंबरचा शुक्रवार. क्वार्टेंगसाहेबांनीं पार्लमेंटांत आपलें छोटें अंदाजपत्रक मांडलें. छोटें नांवाला, करांत सूट होती सुमारें साडेचार हजार कोटी पौंडांची, आणि १९७२ नंतर एवढी मोठी सूट कोणीं दिली नव्हती. हा पैसा येणार कोठून? कर्ज काढून. वीज-वायूच्या मदतीचे सहा हजार कोटीही कर्ज काढूनच. आणि सूट कोणाला? वर्षाला दीड लाख पौंडांहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दरानें सव्वा कोट रुपयांहून अधिक मिळविणाऱ्यांवर शेंकडा ४५ कर होता, तो वरचा थर साफ काढून टाकायचा. तेथून पुढें शेंकडा ४० च द्यायचा. कंपन्यांवरचा कर १९ वरून २५ होणार होता, तो वाढवायचा नाहीं. पेढीवाल्यांच्या बक्षिसीवर जी मर्यादा होती, ती उठवायची. गरिबाच्याही हातावर कांहीं ठेवलें होतें: साधा कर २० चा १९, आणि राष्ट्रीय विम्याच्या वर्गणींत सव्वा टक्का कमी.

मुलांना सांगतों तसा हिशेब तुम्हांलाही करून दाखवितों. वर्षाला तीस हजार पौंड मिळविणारी एक परिचारिका धरा. पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाहीं. राहिले १७,४३०. त्यावर एक टक्का म्हणजे १७४ पौंड, आणि विम्याचा सव्वा टक्का म्हणजे २१८. एकूण वांचले ३९२. आतां वर्षाला दहा लाख पौंड मिळविणारा एक पेढीवाला धरा. दीड लाखांवरचे साडेआठ लाख, त्यावर पांच टक्के, म्हणजे त्या एकाच कलमानें ४२,५०० पौंड. परिचारिकेच्या सबंध वर्षाच्या पगाराहून पेढीवाल्याची नुसती सूटच साडेबारा हजारांनीं जास्त! आणि युक्तिवाद काय? तर वरच्याचें भांडें भरलें म्हणजे उतू जाईल आणि खालच्याला आपोआप मिळेल. आपल्याकडे हा युक्तिवाद फार जुना आहे. पंगतींत आधीं कोणीं बसायचें आणि उष्टीं कोणीं काढायचीं, हें आपल्याला विलायतेनें शिकवायला नको.

पण एवढ्यानें सरकार पडलें नसतें. वरच्याला वाढणारीं सरकारें पुष्कळ झालीं व टिकलीं. हें पडलें तें दुसऱ्या चुकीनें, आणि माझ्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा तीच चूक आहे.

इंग्लंडांत सन २०१० पासून एक स्वतंत्र कचेरी आहे. सरकार जमाखर्च मांडतें तेव्हां ही कचेरी तो तपासून सांगते कीं, बाबांनो, एवढें कर्ज होईल, एवढें उत्पन्न येईल, एवढी तूट पडेल. ती मंत्र्याच्या हाताखालची नाहीं, म्हणून तिच्या शब्दाला किंमत. या कचेरीनें नव्या मंत्र्याला पहिल्याच दिवशीं कच्चा अंदाज पाठविला होता आणि अंदाजपत्रकाबरोबर पुरा करून देण्याची तयारीही दाखविली होती. मंत्र्यांनीं तो मागितला नाहीं. पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी करसूट, आणि तिच्याबरोबर तपासनिसाचा कागद नाहीं! शाळेंत पोर उत्तर लिहितो आणि पाटी पोटाशीं धरतो, तेव्हां मास्तराला उत्तर पाहायची गरजच उरत नाहीं. चुकल्याची खूण पोरानें स्वतःच दिलेली असते.

कर्ज देणाऱ्यांनींही तेंच ओळखलें. ज्यांच्या जिवावर सूट द्यायची होती ते सावकार विचारूं लागले, "वही कोठें आहे?" वही नाहीं. रविवारीं मंत्रीमहाशय मुलाखतींत म्हणाले, आणखी सवलती येणार आहेत. सोमवारीं, २६ सप्टेंबरला, पौंड घसरत घसरत १ डॉलर ३ सेंटांच्या आसपास आला. डॉलरच्या तुलनेंत इतका खालीं तो कधींच गेला नव्हता. दुसऱ्या दिवशीं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनें, म्हणजे एरवीं कर्जबाजारी देशांना उपदेश करणाऱ्या संस्थेनें, इंग्लंडलाच कानपिचकी दिली.

त्याहून मोठा घाव म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनवर पडायचा होता. तो कसा, तें आपल्या ओळखीच्या व्यवहारांतून सांगतों. एकानें सोनें गहाण ठेवून उचल घेतली. सोन्याचा भाव पडला. सावकार म्हणाला, आणखी तारण आण. यानें घरचें उरलेलें सोनें विकायला काढलें. त्याच्यासारखेच शेंकडों जण एकाच दिवशीं विकायला आले, त्यामुळें भाव आणखी पडला, आणि सावकारानें आणखी तारण मागितलें. सोन्याच्या जागीं सरकारी कर्जरोखे घाला आणि गरजवंताच्या जागीं पेन्शनचे फंड घाला, म्हणजे त्या आठवड्याची हकीकत झाली. शेवटीं २८ सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला मध्यें पडावें लागलें. साडेसहा हजार कोटी पौंडांपर्यंत रोखे आम्ही विकत घेऊं, असें तिनें जाहीर केलें. प्रत्यक्षांत १,९०० कोटींच्या वर घ्यावे लागले. एका अंदाजपत्रकापासून लोकांचें पेन्शन वांचवायला देशाची मुख्य बँक धांवली, हें दृश्य त्या देशालाही नवें होतें.

आतां आपल्या परिचारिकेकडे परत या. तेथें लोक घराचें कर्ज काढतात, त्याचा व्याजदर बहुधा दोन किंवा पांच वर्षांपुरता बांधलेला असतो. मुदत सरली कीं नवा दर. अंदाजपत्रकाच्या दिवशीं दोन वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर पावणेपांच टक्के होता. बारा दिवसांत तो सहाच्या वर गेला. दोन लाख पौंडांच्या कर्जावर सव्वा टक्का म्हणजे वर्षाला अडीच हजार पौंड व्याज ज्यादा. सरकारनें उजव्या हातानें तिला ३९२ पौंड द्यायचें कबूल केलें, आणि तिची मुदत त्या महिन्यांत सरत असेल, तर डाव्या हातानें अडीच हजार काढून घेतले. यालाच पंडित लोक अर्थशास्त्र म्हणत होते.

यापुढचा भाग म्हणजे माघारीचा तमाशा. ३ आक्टोबरला पक्षाची परिषद चालू असतांना श्रीमंतांची ४५ टक्क्यांची सवलत मागें घेतली. ५ तारखेला बाईंनीं त्याच परिषदेंत भाषण केलें आणि आपलीं तीन उद्दिष्टें सांगितलीं: वाढ, वाढ आणि वाढ. आपल्या मराठींत पंगतींतला भुकेला माणूसच असें तीनदां ओरडतो. १४ तारखेला क्वार्टेंगसाहेबांना वॉशिंग्टनहून घाईनें बोलावून घेऊन काढून टाकलें. त्यांची खजिनदारी ३८ दिवसांची झाली. जें धोरण दोघांनीं मिळून ठरविलें होतें, त्याची शिक्षा एकाला झाली आणि दुसरीनें वर्तमानपत्रवाल्यांसमोर आठ-नऊ मिनिटें उभें राहून, चार प्रश्न घेऊन, दार लावून घेतलें. १७ तारखेला नवे खजिनदार जेरेमी हंट यांनीं जवळजवळ सारें अंदाजपत्रकच पुसून टाकलें. करांतली सुमारें ३,२०० कोटी पौंडांची सूट रद्द. विम्याची कपात मात्र राहिली. हंट पार्लमेंटांत एकेक ओळ पुसत होते आणि मुख्य प्रधान शेजारीं मुकाट्यानें बसून ऐकत होत्या. त्या पुसण्यांत वीज-वायूच्या मदतीची दोन वर्षांची हमीही आटली आणि पुढल्या एप्रिलपर्यंतच राहिली. म्हणजे पहिल्या आठवड्यांत जें एक चांगलें काम झालें होतें, तेंही अंगाशीं आलेल्या प्रयोगाच्या भरपाईंत कापलें गेलें.

याच वेळीं 'डेली स्टार' नांवाच्या एका वर्तमानपत्रानें लेट्यूसचा, म्हणजे तिकडच्या सालाडच्या भाजीचा, एक गड्डा टेबलावर मांडला आणि आधीं कोण सुकतें, भाजी कीं बाई, हें रात्रंदिवस लोकांना दाखवीत बसलें. १९ तारखेला गृहमंत्रीण गेल्या, त्याच रात्रीं पार्लमेंटांत एका मतदानावरून पक्षांतच ओढाताण झाली. त्याच दिवशीं दुपारीं "मी लढणारी आहें, पळणारी नाहीं" असें बाई म्हणाल्या होत्या. २० तारखेला त्यांनीं राजीनामा दिला. भाजी जिंकली. जग पोट धरधरून हंसलें. सुनक यांची वर्णी लागली, आणि हिंदी वंशाचा माणूस मुख्य प्रधान झाला म्हणून आपल्याकडे दिवाळीच्या फराळाबरोबर तीही बातमी गोड करून वाटली गेली.

आतां हंसणें थांबवून दोन गोष्टींचा विचार करूं.

बाईंची बाजू अशी आहे, आणि ती त्यांनीं पुढें पुस्तक लिहूनही मांडली, कीं माझी योजना बरोबर होती, मला मोठमोठ्या संस्थांनीं व नोकरशाहीनें काम करूं दिलें नाहीं. यांत थोडें तथ्य आहे तें नाकारूं नये. त्या वर्षीं साऱ्या जगांत व्याजाचे दर चढत होते. पेन्शनच्या फंडांनीं उधारीचा जो खेळ मांडला होता तो बाईंच्या आधींचा होता. आणि इंग्लंडची मिळकत पुष्कळ वर्षें म्हणावी तशी वाढत नव्हती, हें दुखणेंही खरें होतें. परंतु गवताची गंज वाळलेली आहे हें ठाऊक असतां जो तिच्याजवळ काडी ओढतो, त्यानें गंज मीं रचली नव्हती असें सांगून सुटतां येत नाहीं. आणि गंज वाळली आहे कीं नाहीं हें सांगणाऱ्यालाच त्यांनीं दाराबाहेर ठेवलें होतें.

दुसरी गोष्ट आपल्या चळवळीच्या माणसांनीं मनाला लावून घेण्यासारखी आहे. ट्रसबाईंच्या मंत्रिमंडळाची आरंभीं मोठी वाहवा झाली. मुख्य प्रधान बाई, खजिनदार घानाहून आलेल्या आईबापांचा मुलगा, परराष्ट्रमंत्री जेम्स क्लेव्हर्ली यांची आई सिएरा लिओनची, गृहमंत्रीण सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील केनियांतून आलेले, मूळचे गोमंतकीय. इंग्लंडच्या इतिहासांत प्रथमच या चार मोठ्या जागांपैकीं एकीवरही गोरा पुरुष नव्हता. ही गोष्ट लहान नाहीं. जीं दारें शतकानुशतकें बंद होतीं तीं उघडलीं याचा आनंद मलाही झाला. परंतु दार उघडून आंत गेलेल्यांनीं पहिलें ताट कोणाला वाढलें? दीड लाख पौंडांच्या वरच्यांना. आपल्यांतला माणूस खुर्चीवर बसावा म्हणून आपण झगडतों तें योग्यच आहे. पण तो बसल्यावर त्याची वही तपासायची नाहीं असा त्याचा अर्थ करूं लागलों, तर खुर्चीची जात बदलेल आणि पंगतीचा क्रम तोच राहील.

आणि शेवटीं सर्वांत कडू गोष्ट सांगतों. ट्रसबाई गेल्या त्या कोणामुळें? रयतेमुळें नव्हे. त्या महिन्यांत इंग्लंडांत महागाई शेंकडा दहाच्या घरांत होती. गरिबांच्या घरीं शेगडी पेटवावी कीं जेवावें हा प्रश्न होता. तेवढ्यानें कोणाची खुर्ची हलली नाहीं. खुर्ची हलली ती कर्जरोख्यांच्या बाजारांत सावकार बिथरले तेव्हां. ज्या पावणेपांच कोटी लोकांना निवडतांना विचारलें नव्हतें, त्यांना काढतांनाही कोणीं विचारलें नाहीं. त्यांची पाळी आली ती ४ जुलै २०२४ रोजीं. तेव्हां मात्र त्यांनीं हिशेब चुकता केला: हुजूर पक्षाला ६५० पैकीं १२१ जागा मिळाल्या, आणि २०१९ सालीं २६ हजारांच्या वर मताधिक्यानें निवडून आलेल्या ट्रसबाई स्वतःच्या मतदारसंघांत ६३० मतांनीं पडल्या. पण मधलीं पावणेदोन वर्षें व्याज भरलें तें त्याच लोकांनीं. बाईंना मात्र माजी मुख्य प्रधान म्हणून सार्वजनिक कामाच्या खर्चासाठीं वर्षाला १ लाख १५ हजार पौंडांपर्यंत सरकारांतून मागण्याचा हक्क मिळाला. एकोणपन्नास दिवस नापास होऊन अशी शिष्यवृत्ति मिळाल्याचें उदाहरण आमच्या शिक्षणखात्यांत नाहीं.

या सबंध गोंधळांतून एक चांगली गोष्ट निघाली ती सांगतों. मजूर पक्षाच्या सरकारनें सप्टेंबर २०२४ मध्यें कायदाच केला कीं, मोठ्या रकमेची करसूट किंवा खर्च जाहीर करायचा तर त्या स्वतंत्र कचेरीची तपासणी झालीच पाहिजे. मंत्र्यानें मागितली नाहीं तर कचेरीनें आपण होऊन ती करावी. पाटी पोटाशीं धरायची सोय उरली नाहीं. सावकारानें वही पाहण्याआधीं ती रयतेला दिसावी, याची ही सुरुवात आहे.

हें शहाणपण घ्यायला आपल्याला विलायतेला जावें लागत नाहीं, किंवा खजिना रिकामा होईपर्यंत थांबावेंही लागत नाहीं. नवा माणूस अधिकारावर आला, मग तो दिल्लीचा असो, मुंबईचा असो, सोसायटीचा असो वा आपल्या ग्रामपंचायतीचा, त्याच्या पहिल्या दिवसांत दोनच गोष्टी पाहा. त्यानें पहिला फायदा कोणाच्या पदरांत टाकला? आणि हिशेब तपासणाऱ्याला खुर्ची दिली कीं दार दाखविलें? भाषणें किती गोड झालीं, फेटे किती बांधले, फलक किती लावले, हें पाहूं नका. तें नवलाईंत सर्वांचेंच चांगलें असतें. या दोन प्रश्नांचीं उत्तरें वाईट आलीं तर तो आपल्या जातीचा, आपल्या भावकीचा, आपण खांद्यावर घेऊन मिरविलेला असला तरी पहिल्या आठवड्यांतच विचारा. उशिरा विचारलें तर उत्तर मिळतें, पण त्याचें व्याज आपण भरलेलें असतें.

ग्रामसभा या महिन्याअखेर आहे. विषयपत्रिकेंत जमाखर्च सर्वांत शेवटीं घातलेला असतो, आणि तोंवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. या खेपेस शेवटपर्यंत बसा, आणि वही मोठ्यानें वाचून घ्या. बायकांनींही यावें; घरखर्चाची वजाबाकी त्यांनाच चांगली येते.